कारणावांचून नकार

होकार देतांना भाषेची फारशी पर्वा करावी लागत नाहीं. काम झालें म्हणजे मनुष्य संतोषानें घरीं जातो. तें कोणत्या शब्दांत झालें हें तो विचारीत बसत नाहीं. नकाराची गोष्ट निराळी. ज्याचें काम अडलें त्याला तीन प्रश्न पडतात: काय अडलें, कां अडलें, आणि आतां मीं काय करावें? या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें जो देतो त्याचा नकार सभ्य होय. एकाचेंही उत्तर न देतां जो दार लावून घेतो त्याला आपण उद्दाम म्हणतों. आज आपल्या समाजांत सर्वांत अधिक नकार कोण देतो, असें विचारलें तर कोणी तहसीलदाराचें नांव घेईल, कोणी बँकेच्या मॅनेजराचें, आणि कोणी उपवर मुलाच्या आईचें. आमच्या मतें या सर्वांहून अधिक नकार आज संगणक देतो, आणि तो बहुधा उद्दामपणें देतो.

हा विषय वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. त्यांस आमचें उत्तर असें कीं, संगणकाचा नकार हा गद्याचाच एक प्रकार आहे. यंत्र स्वतः कांहीं बोलत नाहीं. त्याच्या तोंडीं घातलेलें प्रत्येक वाक्य कोणा तरी मनुष्यानें कोठें तरी बसून लिहिलेलें असतें. कोणत्याही कादंबरीला मिळणार नाहींत इतके वाचक त्या वाक्याला मिळतात, आणि ते सर्व अडचणींत सांपडलेले वाचक असतात. असें असतां त्या वाक्याचा कर्ता स्वतःला लेखक समजत नाहीं, आणि कोणी टीकाकार त्याची परीक्षा करीत नाहीं. एखाद्या लघुकथेंतील सैल शब्दावर रकानेच्या रकाने खर्च करणाऱ्या आम्हां लोकांना, ज्या वाक्यावर एखाद्या कुटुंबाचा पीकविमा अवलंबून आहे त्या वाक्याकडे पाहण्यास सवड असूं नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

प्रथम वस्तु काय आहे तें सांगूं. डेटाबेस म्हणजे नोंदींचें दप्तर आणि त्या दप्तराचा कारकून, हीं दोन्ही एकत्र. दप्तर नोंदी संभाळतें; कारकून नियम पाळतो. एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी होऊं द्यावयाच्या नाहींत, तारखेच्या रकान्यांत नांव लिहूं द्यावयाचें नाहीं, असे नियम त्याला घालून दिलेले असतात, आणि नियम मोडला कीं तो काम थांबवून एक निरोप देतो. त्या निरोपालाच सर्वत्र ‘एरर’ म्हणतात. असे कारकून विकत मिळतात, तसेच फुकटही मिळतात. ज्यांची घडण कोणालाही पाहतां येते आणि दुरुस्त करतां येते त्यांना ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर यांनीं आरंभिलेला आणि १९९६ पासून पोस्टग्रेस्क्यूएल या नांवानें चालत आलेला प्रकल्प हा त्यांपैकीं एक प्रमुख. मायएस्क्यूएल हा दुसरा. केंद्र सरकारनें २०१५ सालीं आपल्या ई-प्रशासनांत मुक्तस्रोत साधनांस अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें. तेव्हां या कारकुनांची बोलण्याची रीत हा केवळ प्रोग्रॅमरांचा घरगुती प्रश्न राहिलेला नाहीं.

ही रीत कोणाला भोंवते हें पाहण्यासाठीं बुलढाणा जिल्ह्याकडे वळूं. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा; उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं संग्रामपूर आणि जळगांव जामोद, मध्यें पूर्णेचें काळें खोरें, दक्षिणेस घाटावर चिखली, मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा. कापूस आणि सोयाबीन पिकविणाऱ्या येथील शेतकऱ्याचा सरकारशीं संबंध आतां बहुतांशीं संगणकाच्या मध्यस्थीनें येतो. २०१७ सालच्या कर्जमाफीसाठीं त्याला ऑनलाइन अर्ज भरावा लागला. २०१८ च्या १ मेपासून डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पेऱ्याची नोंदही त्यानें स्वतः मोबाइलवर करावी असें ठरलें. या सुधारणांस आमचा विरोध नाहीं. तलाठ्याच्या बिऱ्हाडीं चार खेपा घालण्यापेक्षां गांवांत बसून उतारा मिळणें केव्हांही बरें. आमचा आक्षेप यंत्र नाहीं म्हणतें तेव्हांच्या त्याच्या बोलण्याला आहे.

तालुक्याच्या कोणत्याही सेवा केंद्रांत अर्धा दिवस उभें राहावें म्हणजे हें बोलणें कसें असतें तें कळतें. खुर्चीवरचा तरुण पडद्याकडे पाहतो आणि सांगतो, “एरर येऊन रायला, काका. उद्या या.” म्हातारा विचारतो, “काहून?” वऱ्हाडांतला हा एक शब्द संपूर्ण न्यायशास्त्राच्या तोडीचा आहे, पण त्याचें उत्तर त्या तरुणापाशीं नसतें. पडद्यावर ‘नोंद सांपडली नाहीं’, ‘माहिती अमान्य’ किंवा ‘कांहीं तरी चूक झाली’ इतकेंच असतें. कोणती नोंद, कोणती माहिती, कसली चूक? मग तो तरुण आपल्या पदरचें कारण देतो: “सर्व्हर डाऊन असेल.” उद्यां तोच अर्ज, तोच निरोप आणि तीच मजुरी बुडते. अर्जाची मुदत मात्र वाट पाहत थांबत नाहीं.

अशा नकारांमागचीं कारणें पुष्कळदां फार क्षुल्लक असतात, आणि तीं सांगण्याजोगीं असतात. म्हणूनच तीं न सांगण्याचा राग येतो. या जिल्ह्याचें नांवच घ्या. कोठें तें ‘बुलडाणा’ असें छापतात, कोठें ‘बुलढाणा’ असें. मनुष्याला दोन्ही कळतात. यंत्राला ड आणि ढ हीं निराळीं अक्षरें आहेत. एका यादींत एक रूप आणि दुसऱ्या यादींत दुसरें असलें कीं यंत्र खुशाल म्हणणार, ‘सांपडलें नाहीं’. कऱ्हाडे या आडनांवांतील ऱ हा संगणकांत एकाहून अधिक रीतींनीं लिहितां येतो. पडद्यावर दोन्ही नांवें तंतोतंत सारखीं दिसतात, आंतील संकेत मात्र भिन्न असतात. डोळ्यांना जो भेद दिसूंच शकत नाहीं त्याबद्दल ‘नांव जुळत नाहीं’ एवढेंच सांगणें म्हणजे मनुष्याला वेडा ठरविणें होय. तिसरें उदाहरण ‘ज्ञानेश्वर’ या नांवाचें. आपण तीं चार अक्षरें मोजतों. संगणक जोडाक्षरें, हलन्त आणि काने-मात्रे सुटे करून दहा चिन्हें मोजतो. रकान्याला तीस चिन्हांची मर्यादा असली आणि यंत्र म्हणालें, ‘तीस अक्षरांपेक्षां लांब’, तर बोटांवर अक्षरें मोजून पाहणारा साक्षर शेतकरी म्हणेल कीं यंत्र खोटें बोलतें. आणि त्याच्या दृष्टीनें त्याचें म्हणणें खरेंच आहे.

चुकीचा शब्द मनुष्याला चुकीच्या दारीं कसा पाठवितो याचा नमुना सबंध देशानें पाहिला आहे. सरकारी योजनांचे पैसे आधार क्रमांकाच्या आधारें खात्यांत जमा होतात. ते परत गेले कीं कित्येकदां कारण दिसतें, ‘इनॅक्टिव्ह आधार’. कोणीही शहाणा मनुष्य याचा अर्थ काय घेईल? आपलें आधार बंद पडलें, असाच. तो आधार केंद्राकडे धांवतो. तेथें सर्व ठीक असल्याचें कळतें. या निरोपाचा खरा अर्थ असा कीं, आधार क्रमांक कोणत्या बँकेशीं जोडलेला आहे हें सांगणाऱ्या मध्यवर्ती यादींतील जोडणी चालू नाहीं. दोष जोडणींत, नांव आधाराचें, उपाय बँकेंत! एक शब्द नीट योजला असता तर मनुष्य पहिल्या दिवशींच योग्य दारीं गेला असता. हें सर्व ‘तांत्रिक’ म्हणून सोडून देणाऱ्यांस आम्ही विचारतों: यांत तंत्राचा दोष किती आणि व्याकरणाचा व विचाराचा किती?

कारण सांगणें हा केवळ शिष्टाचारही नाहीं. माणसानें चालविलेल्या कचेरीला आपल्या कायद्यानें हें बंधन घातलेलें आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ (८) प्रमाणें अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला तीन गोष्टी कळवाव्या लागतात: नाकारण्याचीं कारणें, अपील किती मुदतींत करावें, आणि तें कोणाकडे करावें. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्यें प्रशासकीय निर्णयाचीं कारणें संबंधित माणसांस देण्याचें कर्तव्यही सांगितलें आहे. म्हणजे शेगांवचा एखादा जन माहिती अधिकारी ‘अमान्य’ एवढें लिहून मोकळा होऊं शकत नाहीं. पण त्याच्याच टेबलावरचें यंत्र होऊं शकतें! अधिकाराचें काम यंत्राकडे गेलें आणि अधिकाराबरोबर येणारी जबाबदारी वाटेंत गळून पडली. आमच्या तक्रारीचें सार हेंच आहे.

आतां कोणी म्हणेल, यंत्राला इतकी भाषा कोठून येणार? येते, आणि ती शिकविण्याचे नियमही लिहिलेले आहेत. पोस्टग्रेसच्या मार्गदर्शक ग्रंथांत निरोप कसे लिहावेत याविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या मतें तें प्रत्येक सरकारी कचेरींत भिंतीवर लावण्यासारखें आहे. त्या नियमांप्रमाणें निरोपाचे तीन भाग पडतात: मुख्य निरोप थोडक्यांत आणि वस्तुस्थितीला धरून, तपशील निराळा, आणि उपायाची सूचना तिसरी, कारण उपाय हा अंदाज असूं शकतो आणि अंदाज वस्तुस्थितींत मिसळूं नये. २००३ च्या ७.४ या आवृत्तीपासून तपशील आणि सूचना हे भाग यंत्रांतच वेगळे केले गेले. वर सांगितलेल्या कायद्यांतील तीन गोष्टींशीं हे तीन भाग किती जुळतात पाहा. एकमेकांशीं कांहींच संबंध नसलेल्या दोन ठिकाणीं विचारी माणसें एकाच निष्कर्षाला आलीं, कारण अडलेल्या माणसाचे प्रश्न सर्वत्र तेच असतात.

त्या प्रकरणांतील बारीक नियम तर भाषेच्या अभ्यासकानें मुद्दाम वाचावेत. प्रत्येक निरोपानें कारण सांगितलेंच पाहिजे. कारण ठाऊक नसेल तर आधीं प्रोग्रॅम दुरुस्त करा. नुसतें ‘वाईट’ म्हणूं नका. वाईट कां तें सांगा. ‘अज्ञात उत्तर’ असें म्हणूं नका, कारण उत्तर काय आहे हेंच ठाऊक नसेल तर तें चूक आहे हें तुम्हांस कसें कळलें? ज्या मूल्याबद्दल तक्रार आहे तें मूल्यही निरोपांत छापा. कर्मणि प्रयोग टाळा. कायदा मोडल्याखेरीज ‘बेकायदेशीर’ हा शब्द वापरूं नका.

एका नियमाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. प्रयत्न केला पण या वेळीं फसला, पुढें कदाचित् साधेल, अशा ठिकाणीं भूतकाळ वापरावा. जें मुळांतच होणें नाहीं तेथें वर्तमानकाळ वापरावा, असा तो नियम आहे. इंग्रजींत हा भेद पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. मराठींत तो आपोआप उमटतो: ‘नोंद करतां आली नाहीं’ आणि ‘नोंद करतां येत नाहीं’. पहिलें वाक्य ऐकून मनुष्य उद्यां पुन्हां येईल. दुसरें ऐकून तो येणार नाहीं, आधीं कागद बदलून आणील. संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी पाड्यावरून जो पहिल्या एसटीनें येतो त्याच्या दृष्टीनें ‘आली’ आणि ‘येत’ यांतील अंतर म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचें तिकीट. भाषेच्या सूक्ष्म छटा फक्त काव्यांतच लागतात असें मानणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

सुधारणा शक्य आहे, हेंही त्याच प्रकल्पानें दाखविलें आहे. रकान्याचें नांव लिहितांना एखादें अक्षर चुकलें तर पूर्वीं तो ‘असा रकाना नाहीं’ एवढेंच म्हणे. जानेवारी २०१६ मध्यें आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून तो पुढें विचारतो कीं, तुम्हांला अमुक रकाना म्हणावयाचा होता काय? हाच विचार जिल्ह्याच्या नांवाला लावून पाहा: ‘जिल्ह्यांच्या यादींत “बुलडाणा” हें नांव नाहीं. “बुलढाणा” म्हणावयाचें होतें काय?’ किंवा सातबाऱ्याच्या बाबतींत: ‘सातबाऱ्यावर “विठल”, आधारावर “विठ्ठल” असें नांव आहे. सातबाऱ्यांतील लेखनदोष असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ अन्वयें तहसील कार्यालयांत अर्ज करावा.’ या वाक्यांत कोणतीही प्रतिभा नाहीं. लिहिणाऱ्यानें वाचणाऱ्याची क्षणभर आठवण ठेवली, इतकेंच.

पोस्टग्रेस निर्दोष आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. दिलेलें मूल्य ठरलेल्या लांबीपेक्षां मोठें झालें तर तो लांबीची मर्यादा सांगतो, पण वर्षानुवर्षें रकान्याचें नांव सांगत आलेला नाहीं; वीस रकान्यांच्या अर्जांत मनुष्यानें तें शोधीत बसावें! मायएस्क्यूएलचा १२१५ क्रमांकाचा निरोप तर प्रसिद्धच आहे: दोन कोष्टकांचा संबंध जोडतां येत नाहीं, एवढें सांगून तो गप्प बसे. आठव्या आवृत्तींत त्याला पुष्कळसा कंठ फुटला. विकत मिळणाऱ्या मालाची स्थिति याहून चांगली होती असेंही नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या एस्क्यूएल सर्व्हरमध्यें ‘मजकूर कापला जाईल’ हा निरोप कोणत्या रकान्यांतील कोणता मजकूर तें न सांगतां वर्षानुवर्षें छळीत राहिला. कोष्टक, रकाना आणि मूल्य हीं तिन्ही सांगण्याची रीत २०१९ च्या आवृत्तींत रुळली. फरक एवढाच कीं, विकतच्या मालाबाबत गिऱ्हाइकानें विनंति करीत बसावें लागतें. मुक्तस्रोतांत वाक्य चुकीचें दिसलें तर तें बदलून पाठविण्याचा हक्क कोणालाही आहे. म्हणूनच तेथें वाईट वाक्य तसेंच राहूं देणें हा अधिक मोठा दोष आहे. दार उघडें ठेवून आंत कोणी पाऊल टाकीत नसेल तर दाराला दोष देतां येत नाहीं.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा आतां परामर्ष घेऊं.

पहिला आक्षेप असा कीं, हे निरोप तज्ज्ञांसाठीं असतात. शेतकऱ्याला ते दिसावेतच कशाला? यांत अर्धें सत्य आहे. डेटाबेसचा निरोप जसाच्या तसा अर्जदारापुढें टाकूं नये हें आम्हांसही मान्य आहे. पण मधला प्रोग्रॅमर अर्जदाराला सांगणार काय, तर मूळ निरोपांत जें असेल तेंच. उगमच कोरडा असेल तर पाटांत पाणी कोठून येणार? शिवाय पुष्कळ प्रोग्रॅमर याच्या उलट अपराध करतात: खालून आलेला स्वच्छ निरोप गिळून टाकतात आणि वर ‘कांहीं तरी चूक झाली’ असें लिहितात. डेटाबेस सांगत असतो कीं गट क्रमांक ११२ ची नोंद आधींच आहे. अर्जदाराला दिसतें, ‘पुन्हां प्रयत्न करा’. शंभर वेळां प्रयत्न केला तरी ती नोंद आधींच आहे ती आहेच. अशा प्रोग्रॅमरला आम्ही निरोप्या म्हणून एक दिवसही ठेवणार नाहीं.

याच संदर्भांत एक सोपा उपाय सांगतों. डेटाबेसमधील नियमांना नांवें प्रोग्रॅमरच ठेवतो, आणि नियम मोडला कीं पोस्टग्रेस तें नांव निरोपांत छापतो. ‘चेक-१’ असें नांव ठेवलें तर निरोपही तितकाच मुका होतो. हीं नांवें देवनागरींतही ठेवतां येतात. मर्यादा ६३ बाइटांची, आणि देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें, म्हणजे एकवीस चिन्हें मिळतात. ‘पेरणी_खात्याहून_अधिक’ हें नांव त्यांत आरामांत बसतें. खात्यावरील क्षेत्रापेक्षां जास्त पेरा लिहिला गेला तर निरोपांतील तें नांवच सेवा केंद्रांतील तरुणाला कारण सांगेल. याला खर्च किती? विचार करण्याचे पांच क्षण.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. फार सांगितलें तर चोराला वाट सांपडेल, असें म्हणतात. हाही आक्षेप पोकळ नाहीं. प्रवेशाच्या वेळीं नांव चुकलें कीं परवलीचा शब्द चुकला हें न सांगणेंच शहाणपणाचें आहे. परंतु चोराच्या भीतीनें वाड्याच्या एका दाराला कुलूप लावणें निराळें आणि घरांतल्या सर्वांनीं मुकें राहणें निराळें. स्वतःच्या सातबाऱ्यावरील स्वतःच्या नांवांत कोणतें अक्षर चुकलें आहे, हें खातेदाराला कळल्यानें कोणती तिजोरी फुटते? बहुतेक ठिकाणीं सुरक्षितता हें आळसाचें भरजरी पांघरूण असतें.

तिसरा आक्षेप असा कीं, लोक निरोप वाचतच नाहींत. वाचीत नाहींत हें खरें. पण आयुष्यांतील पहिले पन्नास निरोप निरर्थक निघाल्यावर एकावन्नावा कोणी वाचावा? रस्त्यावरील पाट्या खोट्या निघूं लागल्या कीं वाटसरू पाट्या पाहणें सोडतो. त्यावरून पाट्या लावूंच नयेत असा निष्कर्ष काढणें ही विचित्र तर्कपद्धति होय.

चौथ्या बाजूचे लोक आमच्याच पक्षाचे म्हणवितात, आणि त्यांचें आम्हांस अधिक भय वाटतें. ते म्हणतात, सर्व कांहीं मराठींत आणा म्हणजे झालें. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. भाषा संचालनालय १९६० पासून कोश तयार करीत आलें आहे. शब्दांचा तुटवडा नाहीं. तुटवडा वाक्यांचा आहे. ‘आपल्याद्वारें प्रविष्ट केलेला विदा अवैध आहे’ या धर्तीचें वाक्य मराठी लिपींत असतें, मराठींत नसतें. त्यांतील ‘अवैध’ हा शब्द पाहा. पोस्टग्रेसच्या नियमकर्त्यांनीं ‘बेकायदेशीर’ हा शब्द इंग्रजींत वर्ज्य केला. आपण मात्र ‘इनव्हॅलिड’चें भाषांतर म्हणून नेमका तोच अर्थ घरांत घेतला. वर्तमानपत्रांत अवैध दारू असते, पूर्णेच्या पात्रांतला अवैध रेतीउपसा असतो. आणि पडद्यावर शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक अवैध, त्याचें नांव अवैध! एक आंकडा कमी पडला म्हणून त्या बिचाऱ्याला वाळूचोरांच्या रांगेंत उभा करावयाचा काय? ‘मोबाइल क्रमांकांत दहा आंकडे हवेत, आपण नऊ लिहिले आहेत’, हें मराठी. तें लिहावयाला कोश लागत नाहीं. दुसऱ्याची अडचण कळावी लागते.

भाषांतराची आणखीही एक अडचण आहे, आणि ती प्रोग्रॅमरांनीं समजून घेतली पाहिजे. पुष्कळ जण वाक्याचा सांगाडा एकच ठेवून त्यांत शब्द बदलतात: ‘अमुक सांपडला नाहीं’. मराठींत रकाना सांपडला नाहीं, नोंद सांपडली नाहीं आणि नांव सांपडलें नाहीं. सांगाडा एक ठेवला कीं तीनांपैकीं दोन वाक्यें अशुद्ध होणारच. म्हणून पोस्टग्रेसचे नियम सांगतात कीं तुकडे जोडून वाक्य बनवूं नका. पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे भाषांतरकाराला तें आपल्या भाषेच्या वळणानें सांगतां येईल. इतकी सोय करून ठेवलेल्या या प्रकल्पाचे निरोप जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन, कोरियन, तुर्की अशा भाषांत आणलेले आहेत. जॉर्जियनमध्येंही आणलेले आहेत. जॉर्जिया देशाची लोकसंख्या चाळीस लक्षांच्या आंत आहे. एकट्या बुलढाणा जिल्ह्याची २०११ च्या शिरगणतीप्रमाणें सुमारें २५ लक्ष ८६ हजार होती, आणि मराठी मातृभाषा सांगणारे त्याच शिरगणतींत आठ कोटींहून अधिक होते. त्या यादींत मराठी नाहीं. फायरफॉक्स हा ब्राउझर मराठींत आणणारे स्वयंसेवक आपल्यांत निघाले, तेव्हां माणसें नाहींत असेंही म्हणतां येत नाहीं. माणसें आहेत, हें काम भाषेचें आहे असें त्यांना कोणी सांगितलेलें नाहीं.

म्हणून आम्ही सांगतों. शेगांवीं १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दरवर्षीं तेथून आणि विदर्भांतील इतर महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे विद्यार्थी बाहेर पडतात, आणि प्रत्येकाला शेवटच्या वर्षीं एक प्रकल्प करावा लागतो. त्यांपैकीं दोघांनीं पोस्टग्रेसचे नेहमीं दिसणारे शंभर निरोप मराठींत आणावयास घ्यावेत, आणि त्यांच्याबरोबर मराठीचा एक विद्यार्थी बसवावा. एकानें खरें काय तें सांगावें आणि दुसऱ्यानें तें सरळ कसें म्हणावें तें सांगावें. भाषा संचालनालयानें संज्ञांबरोबर वाक्यांचेही नमुने छापावेत. सरकारनें कोणताही प्रोग्रॅम ताब्यांत घेतांना त्याचे होकार तपासतात तसे नकारही तपासावेत: प्रत्येक नकार काय अडलें, कां अडलें आणि पुढें काय करावें हें सांगतो कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून ठेकेदाराचें बिल काढूं नये. ही परीक्षा मुंबईंत बसून घेऊं नये. मोताळ्याच्या किंवा लोणारच्या सेवा केंद्रांत, रांगेंत उभ्या असलेल्या माणसाला तो निरोप मोठ्यानें वाचून दाखवावा आणि आतां तो कोठें जाणार आहे, असें त्याला विचारावें. त्यानें योग्य कचेरीचें नांव घेतलें तर निरोप पास. नाहीं तर लिहिणाऱ्यानें पुन्हां लिहावा.

यंत्रानें सर्वांचीं कामें करावींत असें आमचें म्हणणें नाहीं. नियम असणार, आणि नियमांत न बसणारे अर्ज परत जाणार. परंतु ज्याचा अर्ज परत जातो त्याला ‘काहून’ असें विचारण्याचा अधिकार आहे, आणि त्याचें उत्तर त्याच पडद्यावर, त्याच दिवशीं, त्याला समजेल अशा मराठींत मिळालें पाहिजे.